शेवटच्या कडव्यातलं नाव

दीप्ती गजभियेचा आवाज मोठा आहे, यात तिचा काय गुन्हा? कोराडीला वीज केंद्राच्या बाजूला राहायचं, दिवसभर दारावरून कोळशाचे ट्रक धडधडत जाणार, आणि पोरीने काय कुजबुजत गायचं? त्यात मामा बळीराम याची गायन पार्टी. भीमजयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून त्यांचे कार्यक्रम व्हायचे आणि दीप्ती नीट बोलायला लागली नव्हती तेव्हापासून तिथे कोरस धरायची. मामाचा एकच दंडक होता. शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव यायलाच पाहिजे. "नाव घेतल्याबिगर गाणं सोडाचं नाही वं," तो म्हणायचा, "नाहीतर लोकाईले कसं समजंन, कोनं गायलं थे?"

ती नववीत गेली त्या वर्षी शाळेत नवा तास सुरू झाला, संगीत नाटकाचा, दर शनिवारी. शिकवायला नागपूरहून अरुंधती मॅडम यायच्या. बोलता बोलता गाण्यात कसं शिरायचं, तालावर चालायचं पण नाचल्यासारखं दिसू द्यायचं नाही, श्वास कुठे चोरायचा, हे त्या फार छान शिकवत, त्यात खोट काढायला जागा नाही. दीप्तीला त्याचं असं वेड लागलं की घरात भाजी मागायची तीही चालीत. आई, कौसल्या, वीज केंद्राच्या कॅन्टीनमधून काम करून दमून आलेली असायची. "सरळ बोल न वं! भाजी वाढू का टाळ्या वाजवू?" ती डाफरायची, आणि मग हसायची.

स्नेहसंमेलनासाठी मॅडमनी नाटक बसवायला घेतलं. दुष्काळात गावाच्या पाण्यासाठी राजाशी भांडणारी राणी, असं ते नाटक. निवडीच्या दिवशी दीप्ती गायली आणि वर्ग चिडीचूप झाला. तिला वाटलं, झालं, राणी आपणच. मग मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "तुझा आवाज राणीचाच आहे गं. पण दिसायला..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. शिकलेली माणसं असली वाक्यं अर्धीच सोडतात, पुरी करायचं काम ऐकणाऱ्याचं.

तोडगा असा निघाला. राणी होणार दामिनी, वीज केंद्रातल्या इंजिनिअर साहेबांची मुलगी. उंच, गोरी, पण गळ्यात सूर औषधालाही नाही. तिने रंगमंचावर ओठ हलवायचे आणि दीप्तीने पडद्याआड उभं राहून माईकवर गायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आणखी कुठला? छापील पत्रिकेत राणीसमोर दामिनीचं नाव होतं. दीप्तीचं नाव खाली, मंडपवाल्यांचे आभार मानले होते तिथे.

दीप्ती संतापली. पण गाणं सोडवेना, म्हणून हो म्हणाली. तालमीत ती पडद्याच्या फटीतून दामिनीचे ओठ बघत गायची. ओठ मागे पडले की हिनेच थांबायचं, हिनेच सांभाळून घ्यायचं. वर दामिनी म्हणायची, "तू जरा जास्तच फास्ट गाऊन राहिली यार." दीप्ती दात आवळून ऐकून घ्यायची.

संमेलनाच्या दिवशी मंडप गच्च भरला. कौसल्या कॅन्टीनमधली पाळी बदलून आली होती आणि मागे बायकांत बसली होती. शेवटचं गाणं आलं. पुढचं दीप्तीने ठरवून केलं. भावनेच्या भरात तोंडून निघून गेलं वगैरे काही नाही. नाटकातलं शेवटचं कडवं तिने सोडून दिलं आणि त्याच चालीत स्वतःचं घातलं:

मुकुट तिच्या माथ्यावर, गाणं माझ्या ओठावर,
दीप्ती गजभिये माझं नाव, कोराडीला माझं घर!

दामिनीने पहिल्या दोन शब्दांना ओठ हलवले आणि मग तिचं तोंड मिटलं. राणी मुकाट उभी आणि गाणं आपलं चालूच. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मागे कुणीतरी खिदळलं. मग बायकांतून एक आवाज आला, "बाहेर ये वं पोरी, तोंड तं दाखव!" दीप्ती निघाली. माईकची वायर पुरेना, तेव्हा माईक तिथेच ठेवून ती शाळेच्या गणवेशात रंगमंचावर आली आणि तेच कडवं पुन्हा गायली, नुसत्या गळ्याने. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्या पडल्या, पण सगळ्यांच्या नव्हेत.

पडद्यामागे दामिनी रडत होती. "माझी इज्जत काढली तू!"

"तुझी नाही काढली," दीप्ती म्हणाली, "माझी होती थे परत घेतली." तरी दामिनीचे डोळे बघून तिला वाईट वाटलंच. ओठ हलवायची कल्पना काही त्या पोरीची नव्हती.

सोमवारी मुख्याध्यापकांनी कौसल्याला बोलावलं. दीप्तीने सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर तिचा शनिवारचा तास बंद. कौसल्या घाबरली. "म्हणून टाक न सॉरी," ती हळूच म्हणाली, "बोलाले काय पैसे लागते?"

"दामिनीले म्हणतो, आत्ता म्हणतो. पण नाव घेतल्याबद्दल नाही म्हणत." तो तास तिला जीव की प्राण होता आणि तो हातचा चालला होता, हे तिला कळत होतं. मुख्याध्यापकांनी नकारार्थी मान हलवली. कौसल्या लेकीचा हात धरून उठली. "चाल मंग," म्हणाली, "तिचं नाव म्याच ठेवलं साहेब. मले तं त्याची लाज नाही वाटत."

त्या शनिवारी दीप्ती वर्गाबाहेर पायरीवर बसली. घरी जायचं तिच्या जिवावर आलं होतं. आत नव्या नाटकाची वाटणी चालली होती. मॅडमनी विचारलं, "पडद्यामागून कोण गाईल?" कुणी हात वर केला नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा दामिनीचा आवाज आला, अजून जरा रागातलाच. "मी नुसते ओठ नाही हलवणार, मॅडम. जिला गाता येते तिलाच उभी करा न."

दार उघडलं आणि मॅडम उंबऱ्यात आल्या.

"आत ये, दीप्ती. सरांशी मी बोलते."

दीप्ती उठली, दप्तर खांद्याला लावलं, पण दारातच थांबली.

"येते मॅडम. पण आधी सांगा, उभी कुठं राहू?"