मंचावर न चढणाऱ्या मॅडम

विश्वातलं सगळं उचलून नेलं, तर मागे काय उरेल? रिकामी जागा, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो. खोब्रागडे मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "अन् ते जागा कोणी आणून ठेवली गा?"

मॅडम भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी बेसा भागातल्या एका विहाराच्या सभागृहात त्या विज्ञानाचा वर्ग घ्यायच्या. विहाराची समिती मंचावर टेबल आणि फुलं मांडून ठेवी. मॅडम वर चढतच नसत. खुर्ची खाली ओढून आमच्या गोलात बसत. उशिरा आलेला कोणी दारातून विचारी, "मॅडम, जागा आहे का?" उत्तर ठरलेलं: "बसा. बसलं की होते."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. मंच नाकारणं म्हणजे क्रांती, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मॅडमचं म्हणणं साधं होतं. "अवकाश अन् काळ म्हणजे आधीच अंथरून ठेवलेली सतरंजी नाही. वस्तूंच्या आपसातल्या संबंधांतूनच ते बनत असावेत. असावेत, बरं का. आम्ही अजून शोधून राहिलो." त्यातलं 'असावेत' माझ्या कानात कधी शिरलंच नाही.

मग समितीने बजावलं: येत्या रविवारी सभागृह भरलं नाही, तर ते शिकवणीवाल्यांना देऊ. मॅडमनी पत्रकाचं काम माझ्यावर सोपवलं. मी पेटलो. 'अवकाशाची हुकूमशाही मोडून काढा, काळाचे जोखड झुगारा' असं इतवारीतल्या छापखान्यातून छापून आणलं आणि हिंगण्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनी-बसच्या थांब्यावर वाटलं. स्थळ आणि वेळ मात्र तत्त्व म्हणून गाळली. जे विश्वातच मूळचं नाही, ते मी का छापावं?

मॅडमनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "लोकं येतील कुठं?"

"संबंधांतून येतील, मॅडम."

"काहून नाही? मग जाय, लाव संबंध."

उरलेला आठवडा मी त्याच थांब्यावर उभा राहून एकेकाला पत्ता सांगत होतो. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी मेहुण्यांना. रविवारी सभागृह भरलं. अर्धे लोक ही हुकूमशाही नेमकी कोणाची, यावर भांडायला आले होते. मी विजयी चेहऱ्याने मॅडमकडे पाहिलं.

"हा पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "पण मले बरं वाटलं."

या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. वर्ग आम्हीच चालवतो, एकमेकांच्या चुका काढत. गोल लहान झालाय आणि समिती पुन्हा विचारू लागली आहे, माणसं येतील का.

म्हणून विनंती. या रविवारी, सकाळी दहा वाजता, बेसा, विहाराचं सभागृह. हे छापताना माझा हात अजून अडखळतो. येताना शेजाऱ्याला आणा. मंचावरची एक खुर्ची खाली ओढा. जागा आहे का, असं विचारू नका. बसा.