मावशींची चाल

माझा आवाज चांगला आहे हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चौथीत होतो. वडील नगरला एका वसतिगृहात पहारेकरी होते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्या नाताळाला ज्या बाई एकटीनं गाणं म्हणणार होत्या त्यांचा घसा आदल्या दिवशी बसला. वडिलांनी मला पेटीशेजारी उभं केलं आणि मानेनंच खूण केली. मी तीनही कडवी न चुकता म्हटली. उपासना संपल्यावर माणसं वडिलांकडं येऊन म्हणाली, देवानं पोराला देणगी दिलीय. त्यातलं ‘देणगी’ मी लगेच ऐकलं. ‘देवानं’ ऐकायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

आयटीआय झाल्यावर सुप्याला एका कारखान्यात लागलो. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी नगरचाच एक मुसलमान मित्र बसायचा. तो त्यांच्याकडं कार्यक्रमांत नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी, म्हणायचा. जाता-येता आम्ही एकमेकांना गाणी ऐकवायचो आणि बाकीचे झोपेचं सोंग घ्यायचे. श्वास कुठं घ्यायचा हे मला त्यानं शिकवलं. शब्दाच्या मध्ये श्वास घेतलास तर ज्याच्याविषयी म्हणतोयस त्याचेच दोन तुकडे होतात, असं तो म्हणायचा. त्यानं सांगितलं तसं म्हणू लागलो आणि माझं गाणं खरंच सुधारलं.

हळूहळू नाव झालं. दोन कॅसेट निघाल्या, मग एक सीडी. श्रीरामपूर, राहुरी, पार ओतूर-जुन्नरपर्यंत मोठ्या सभांना बोलावणी यायची. वक्त्याच्या आधी मी गायचो आणि मी थांबलो की थोडी माणसं उठून चहाला जायची. वक्त्यांना ते आवडत नसे. मला आवडायचं. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

पाळक व्हायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. झालं असं की आमचा गाणाऱ्यांचा गट रविवारी दुपारी दवाखान्यात जायचा. एका वॉर्डात एक माणूस बायकोच्या खाटेच्या कडेला बसलेला होता. ती डोळे मिटून पडली होती. आम्ही गाणं म्हटलं, बाकीचे पुढच्या खाटेकडं सरकले. त्यानं माझा हात धरला.

“गाणं ऐकलं,” तो म्हणाला. “आता जरा बसा माझ्यापाशी.”

मी बसलो नाही. बसून काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच उभा राहून आणखी एक कडवं म्हटलं. त्यानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, माझा हात सोडला आणि तोंड बायकोकडं वळवलं. पुढच्या रविवारी त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. तिचं काय झालं ते मी विचारलंही नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

ते काही केल्या डोक्यातून जाईना. वर्षभरानं मी बायकोला म्हणालो की पाळकाचं शिक्षण घ्यावं असं वाटतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, फार बोलणारी नव्हती. मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, बसायला शिकवणारं कॉलेज असेल तर जाच. चार वर्षं पुण्याला शिकलो. दीक्षा झाली आणि पहिली नेमणूक मिळाली ती जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात.

तिथं आमची मंडळी म्हणजे तीसेक घरं. चर्च लहान, दगडी, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्रा तापला की उपासना सकाळी आठलाच उरकावी लागे. लोक शेतीतले, ज्वारी, तूर, उडीद पिकवणारे. मी गेलो तेव्हा माझी सीडी तिथं आधीच पोचलेली होती. पहिल्याच रविवारी बाहेरची माणसंही दारात येऊन उभी राहिली होती, गाणारे पाळकसाहेब बघायला.

त्या मंडळीत एक मावशी होत्या. सत्तरीच्या पुढच्या, विधवा, लेक-सुनेजवळ राहणाऱ्या. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक गाणं पाठ. मी गाण्याचा क्रमांक सांगायचो आणि पेटीचा सूर मिळायच्या आत मावशी पहिली ओळ उचलायच्या. त्यांची चाल पुस्तकातल्या चालीशी जुळायची नाही. ती संथ होती, मध्येच खाली उतरायची आणि ओळीच्या शेवटी एक लांब हेल काढायची. सगळ्या बायका त्यांच्या मागून जायच्या. पुरुष थोडे उशिरा पोचायचे.

मला ते सहन होईना. मी कीबोर्ड आणला, दोन स्पीकर बसवले, शनिवारी तरुण मुलामुलींना घेऊन सराव सुरू केला. मावशी सरावाला यायच्या नाहीत, रविवारी मात्र त्यांची चाल घेऊन हजर. कीबोर्ड एकीकडं, मावशी दुसरीकडं.

मग कापणीचा सण आला. लोकांनी धान्याची पोती, भोपळे, कणसं आणून वेदीपुढं मांडली होती. जामखेडहून पाहुणे आले होते. उपासना मोबाईलवरून थेट दाखवायची असं आम्ही ठरवलं होतं. मी नवी चाल बसवलेलं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला मावशींचा हेल आला. तरुण मुलं गोंधळली, ठेका घसरला. मी हात वर करून गाणं थांबवलं आणि माईकवरूनच म्हणालो,

“मावशी, जरा थांबा. आधी ऐकून घ्या, मग म्हणा.”

माणसं हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली. मावशींनी पदर सारखा केला आणि खाली बसल्या. मी पुन्हा सुरुवात केली आणि गाणं अगदी ठाकठीक झालं.

पुढच्या रविवारी मावशी आल्या. त्यापुढच्याही. कधीच चुकवलं नाही. तीच जागा, तीच खिडकी. प्रार्थनेला मान खाली घालायच्या, वचन ऐकायच्या, बाहेर पडताना आमच्यातल्या रीतीनं मला सलाम म्हणायच्या. फक्त गाणं सुरू झालं की ओठ मिटून बसायच्या.

पहिले काही आठवडे मला सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की बायका गात नाहीत. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. ज्यांच्या मागून त्या जायच्या त्याच पुढं नव्हत्या, एवढंच. बायका गप्प झाल्यावर पुरुषांचाही आवाज खाली आला. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचे दिवस आले तोवर चर्चमध्ये स्पीकरमधून माझा आवाज आणि सरावाची पाच-सहा मुलं, एवढंच उरलं. लोक लक्ष देऊन ऐकायचे, एखादा मानही डोलवायचा. एका रविवारी घरी येऊन मी बायकोला विचारलं, आजची उपासना कशी झाली? ती भाजी निवडत होती.

“कार्यक्रम छान झाला,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी मावशींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सुनेनं चहा ठेवला. मी आडवळणानं बोलत राहिलो, तब्येतीचं, पाण्याचं, नातवंडांच्या शाळेचं. मावशी हाताखालचं काम न थांबवता उत्तरं देत होत्या. शेवटी मी म्हणालो की त्या दिवशी माझं चुकलं, मला माफ करा, रविवारी पुन्हा गाणं म्हणा.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता.

“साहेब, तुमी बोललात ते समद्यांपुढं,” त्या म्हणाल्या. “माफी हितं ओट्यावर मागताय व्हय?”

चहा पिऊन निघालो. वाटेत स्वतःशी बरंच भांडलो. पाळकानं असं उभं राहून माफी मागितली तर मान राहील का, तरुण मुलं काय म्हणतील, आणि एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असं काय काय मनात येत होतं. तीन रविवार मी प्रत्येक वेळी ठरवून गेलो आणि न बोलता परत आलो. त्यातल्या एका रविवारी तर मी क्षमेवरच उपदेश केला. मावशी खिडकीशी बसून शांतपणे ऐकत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

चौथ्या रविवारी प्रभुभोजन होतं, आणि मनात कुणाशी वाकडं ठेवून ते घ्यायचं नसतं. भाकर आणि प्याला टेबलावर झाकून ठेवलेले. त्याच्यापुढं उभं राहिल्यावर मात्र मला पुढं जाता येईना. मी माईक बंद केला, उपदेशाच्या पुळपिटावरून खाली उतरलो आणि साध्या आवाजात सांगितलं की कापणीच्या सणाला मी मावशींचा अपमान केला. त्या या मंडळीत पन्नास वर्षं गात होत्या, मी येऊन सहा महिने झाले होते. माझ्या गर्वामुळं त्यांचं गाणं थांबलं आणि त्यांच्याबरोबर तुमचंही. मी त्यांची आणि तुमची सगळ्यांची क्षमा मागतो.

वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मावशींनी माझ्याकडं बघून एकदा मान हलवली. त्या दिवशीही त्या गायल्या नाहीत. मी थोडा हिरमुसलो, कारण आतल्या आत मला वाटत होतं की मी बोललो की त्या लगेच गाणं उचलतील आणि सगळ्यांचे डोळे भरून येतील. इतक्या सभांत गायल्यामुळं असल्या प्रसंगांची मला सवय लागली होती.

गुरुवारी मावशींची सून निरोप घेऊन आली. आत्याबाईंनी बोलावलंय, पेटी आणू नका म्हणाल्यात.

मी गेलो. मावशींनी मला समोर बसवलं आणि त्यांच्या वडिलांविषयी सांगितलं. ते एकतारी घेऊन गावोगाव फिरायचे, येशूच्या गोष्टी गाण्यातून सांगायचे. गाणी त्यांनीच रचलेली. लिहून कुठंच ठेवली नाहीत. पहाटे दळताना आईनं ती लेकीच्या कानावर घातली. म्हणजे मला जो हेल चुकीचा वाटत होता तो जात्याचा फेरा होता. मी त्याला कीबोर्डच्या ठेक्यात बसवायला निघालो होतो.

मग त्यांनी विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं गाणं म्हटलं. पाणी भरायला आलेल्या त्या बाईला येशू भेटतो आणि ती सगळं विसरून गावात सांगायला पळत सुटते, ती गोष्ट. ‘घागर राहिली काठाला, मी निघाले गावाला,’ असं ते सुरू व्हायचं. मी मोबाईल काढला तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“त्यात भरून न्हेलं की तुमी शिकणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हना माझ्यासंगं.”

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, परत म्हणा. माझ्या गळ्याला हरकती घ्यायची सवय. प्रत्येक ओळीत मी काहीतरी सजवत होतो आणि त्या दर वेळी थांबवत होत्या. चौथ्यांदा थांबवून म्हणाल्या, “लई वळवू नका साहेब. त्या बाईला गावात जायची घाई हाय.” मला हसू आलं, त्यांनाही. त्या दिवशी ते गाणं काही मला आलं नाही. पुढच्या गुरुवारी आलं.

त्यानंतर गुरुवार ठरून गेला. शेजारच्या बायका येऊन बसायला लागल्या, आमच्या मंडळीतल्या आणि बाहेरच्याही. पलीकडच्या घरातले एक मुसलमान चाचा, मूळचे मावशींच्या माहेरगावचेच, पायरीवर बसायचे. लहानपणी त्यांची आई आणि मावशींची आई एकाच जात्यावर दळायच्या, त्यामुळं दोन गाणी त्यांनाही येत होती. एखादा शब्द मावशींना आठवला नाही की ते पायरीवरूनच सांगायचे.

रविवारी मावशी गायला लागल्या ते केव्हा, हे मला नेमकं सांगता येणार नाही. पावसाळ्याच्या सुमाराला एकदा बायकांच्या बाजूनं आवाज वाढलेला जाणवला आणि बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मी कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलीला हळूच खूण केली, तिनं हात काढून घेतले. त्या दिवसापासून पहिलं गाणं बिनवाद्याचं म्हणायचं आणि ते मावशींनी उचलायचं असं झालं. दुसऱ्या गाण्यापासून कीबोर्ड. तरुण मुलांची कुरकुर झाली, पण थोडीच.

त्या गावात मी पाच वर्षं होतो. मावशींबरोबर मी मळ्यात गेलो, लग्नांना गेलो, बारशांना गेलो. त्यांच्यामुळं मला एक गोष्ट करता यायला लागली. कुणाच्या घरी दुःख झालं की मी जाऊन बसतो आणि बसूनच राहतो. मावशीही तसंच करायच्या. अशा घरात त्या तासभर काही बोलायच्या नाहीत आणि कुणी सुचवलं तरच गायच्या.

पुढं माझी बदली नगरला झाली. आता सावेडीत राहतो, मंडळी मोठी आहे, तरुणांचा चांगला बँड आहे. मावशी वारल्या तेव्हा मी बायकोला घेऊन गेलो. स्मशानभूमीत त्यांचा मुलगा मला म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणा. मी त्याच्या आईच्या मागं बसणाऱ्या बायकांकडं बघितलं आणि थांबलो. त्यांनी सुरू केलं. पट्टी माझ्या आवाजाला फार खालची होती. मी तशीच धरली आणि म्हणत राहिलो.

मावशींची अकरा गाणी मला पूर्ण येतात. त्यांना किती येत होती हे मी कधी विचारलं नाही, ते माझं राहिलं. विहिरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं आता मला अर्धंच आठवतं. परवा सरावात मुलांनी ते गाणं गिटारवर बसवलं आणि त्या कडव्यापाशी सगळे अडले. मी मावशींच्या सुनेला फोन लावला. ती भाकऱ्या थापत होती. स्पीकरवर टाक आणि परातीजवळ ठेव, असं तिनं आपल्या मुलीला सांगितलं आणि थापता थापता म्हणायला लागली. मुलं फोनभोवती वाकून ऐकत होती. गिटारवाल्या मुलानं दोनदा सूर शोधला, तो मिळेना, तेव्हा वाद्य मांडीवर आडवं ठेवून तो नुसता तिच्या मागून म्हणू लागला.