पंखाखालची पंगत

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मला सौद्यात हरवणारा माणूस एकच. तो काही व्यापारी नव्हता, दलाल नव्हता, त्याला कधी तागडी धरलेलीही कुणी पाहिली नाही. तो एक गोव्याचा पाद्री होता. पायघोळ पांढरा झगा, त्याखाली कऱ्हाडी चपला, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी. आम्ही सगळे त्यांना विमानाचे फादर म्हणायचो. या माणसावर माझा राग आहे. तो साठ-सत्तर सालच्या दरम्यान कधी तरी धरला, तो अजून सोडलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर सुटेल असंही मला वाटत नाही. पण राग धरायचा तर माणूस नीट आठवावा लागतो, आणि त्यांना आठवायला बसलं की रागाचं काम मागं पडतं.

मी मूळचा माणदेशातला. आमच्या घरी मेंढरं. मी एका घोंगड्यानिशी मलकापुरात आलो, आधी दुसऱ्याच्या मांडवाच्या दोऱ्या ओढल्या, मग स्वतःच्या कनाती केल्या, आणि मांडववाला म्हणून नाव काढलं. मांडववाल्याचं एक दुःख असतं, ते दुसऱ्याला कळत नाही. शेकडो पंगती त्याच्या छपराखाली उठतात, वाढपी तुपाची भांडी घेऊन त्याच्या अंगावरून जातात, आणि त्याला कुणी 'बस' म्हणत नाही. सगळ्यांचं उरकल्यावर खांबाच्या आडोशाला जे मिळेल ते त्याचं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

धरणाच्या कामासाठी आमच्या भागात विमान उतरायला धावपट्टी केली होती. तिच्यावर विमानं कमी आणि मेंढरं जास्त. तिथल्या इंजिनांचा एक गोवेकर मिस्त्री, धरणाच्या दवाखान्यातल्या केरळी नर्सा, बोगद्यात सुरुंग लावणारे तमिळ कामगार, अशी ख्रिस्ती माणसं रविवारी ट्रकमधून धावपट्टीवर जमायची. चर्च लांब, आणि वैमानिकही त्यांच्यातलाच. त्याला विमान सोडून जाता येत नसे, म्हणून फादरच सांगलीकडून एसटीनं यायचे आणि धावपट्टीच्या कडेला मिस्सा करायचे. मिस्सा म्हणजे त्यांची मोठी पूजा. तिच्यात भाकरीचा पापडासारखा पातळ तुकडा आणि द्राक्षाची दारू देवापुढं ठेवायची, आणि मग त्यात देवच येतो, असं ते म्हणायचे. त्या पूजेला सावली माझी. पहिल्याच दिवशी ते भाव ठरवायला दुकानात आले. त्यांची रीत अशी, की आपला भाव एकदा सांगायचा आणि जपमाळ काढायची. मग तोंडातून शब्द नाही. मी ओरडलो, कापडाचे दर सांगितले, बांबूची शपथ घेतली. ते मणी सरकवत माझ्याकडं मायेनं बघत बसले. माळ पुरी व्हायच्या आत मी त्यांच्या भावावर आलो होतो. पुढं कितीदा तरी मी ठरवलं की आज माळ संपेपर्यंत गप्प बसायचं. कधी जमलं नाही.

मराठी ते बाजारात शिकले होते, त्यामुळं ती अस्सल आमची होती. एसटीत त्यांची पूजेची ट्रंक बघून कंडक्टर म्हणाला, "सामानाचं तिकीट काढा." फादर म्हणाले, "आवं, द्येवाचं सामान हाय." कंडक्टरही इथलाच. तो म्हणाला, "मग द्येवाला मांडीवर घ्या." आणि फादर साऱ्या रस्त्यानं ट्रंक मांडीवर घेऊन आले. तेव्हा दारूबंदी होती. एकदा स्टँडवर जमादारानं ट्रंक उघडली, बाटली हुंगली आणि डोळे मोठे केले. परवाना खिशात असून फादरांनी तो आधी काढला नाही. म्हणाले, "आत्ता दारूच हाय, जमादारसायेब. पूजा झाल्यावर या, मग न्हाई." जमादार खरंच धावपट्टीवर आला, शेवटपर्यंत थांबला आणि नमस्कार करून गेला.

विमानाचे म्हणवणारे हे फादर जन्मात विमानात बसले नव्हते. त्यांना भीती वाटायची, पण ते ती देवाच्या नावावर खपवायचे. वैमानिक म्हणायचा, एक चक्कर मारू या. फादर म्हणायचे, "द्येव हितं खाली येतोय, आन मी वर कशाला जाऊ? चुकामूक व्हायची." विमान यायच्या वेळी मात्र झगा गुडघ्यापर्यंत खोचून मेंढरं हाकलायला तेच पुढं. मेंढरांना घालायची आमच्याकडची शीळ मीच त्यांना शिकवली. पूजा लॅटिनमध्ये आणि शीळ माणदेशी, असा तो थाट होता. त्यांचे सगळ्यांत मोठे धर्मगुरू विमानानं मुंबईला आले, त्या दिवशी यांनी माझ्याकडून जादा कनात लावून घेतली, विमान इथूनच जाईल म्हणून. दुपारी फार उंचावरून एक विमान गेलं. फादर गुडघ्यांवर. मी म्हणालो, "फादर, ते टपालाचं असंल." ते डोळे न उघडता म्हणाले, "आशीर्वाद टपालानंबी येतो रं."

आता भांडणाचं सांगतो. आधी त्यांची पूजा लॅटिनमध्ये असायची आणि फादरांची आमच्याकडं पाठ असायची. मी दोरीशेजारी बसून बिडी ओढायचो. पुढं वरून हुकूम आला, की लोकांकडं तोंड करायचं आणि लोकांच्या भाषेत बोलायचं. फादर वळले, मराठीत बोलायला लागले, आणि माझी पंचाईत झाली, कारण आता मला कळायला लागलं. एका रविवारी ऐकतो तर फादर मोठ्यानं सांगतायत, की हे सगळ्यांनी घ्यावं, खावं. सगळ्यांनी! आमच्या धंद्यात शब्द म्हणजे शब्द. मी बिडी विझवली, हात धुतले आणि रांगेत जाऊन गुडघ्यावर बसलो. बाकीच्यांनी तोंडं उघडली होती. मी आपल्या रीतीनं उजवा तळहात पुढं केला. फादर एकेकाच्या जिभेवर तुकडा ठेवत माझ्यापर्यंत आले. थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि पुढं शेजारच्या मिस्त्रीकडं गेले.

माझा तळहात तसाच. पंक्तिप्रपंच! आमच्याकडं वैऱ्यालासुद्धा पानावर बसल्यावर वगळत नाहीत. मी उठलो, बाहेर गेलो आणि एकेक करत दोऱ्या सोडल्या. मिस्त्री अजून डोळे मिटून होता, त्याच्यावरच कनात आली. नर्सा कापडाखालून वाकून बाहेर पडल्या. फादरांनी राहिलेली पूजा भर उन्हात, एक अक्षर न गाळता पुरी केली.

धावपट्टीचा राखणदार हे सगळं बघत होता. तो बौद्ध झालेल्या घरांतला, बोलायला तिखट. मी कनात गुंडाळत होतो तर म्हणाला, "मांडववाले, एका घासासाठनं येवढं? आमच्या किती पिढ्या पंगतीच्या भाईर बसल्या. त्यांनी कुनाच्या दोऱ्या सोडायच्या हुत्या?" मी गुंडाळलेली कनात पुन्हा सोडून आणखी आवळून गुंडाळली. कुणी खरं बोललं की मी जास्त चिडतो.

वाटलं होतं, सावलीवाचून येतील शरण. पुढच्या रविवारी बांधावरून बघतो, तर यांनी विमानाच्या पंखाखाली टेबल मांडलेलं. ऊन सरकलं की मिस्त्री आणि चार सुरुंगवाले शेपटी धरून अख्खं विमान थोडं फिरवायचे, सावली पुन्हा फादरांवर. माझ्या कनातीचं असं नाक कुणी कापलं नव्हतं. मी बांधावर बसून सगळं बघितलं, आणि घरी येऊन बायकोवर ओरडलो.

तेवढ्यात फादर दारात. धावपट्टीवरून चालत आले होते. झगा घामानं भिजलेला.

"मांडव दे गड्या," ते म्हणाले.

"आधी परसाद द्या."

"त्यो परसाद न्हाई रं. त्यो घ्यायचा तर मानसानं आधी सगळाच्या सगळा सौदा कबूल करावा लागतो. नाव, जलम, मरान, समदं."

"येवढं न्हाई जमायचं. मग अर्धा द्या."

फादरांनी जपमाळ काढली नाही. ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "त्यातच तर ग्वाम हाय. अर्धा देता येत न्हाई. बारीकसा तुकडा दिला तरी द्येव अख्खाच जातोय."

"आन तुमच्याकडं काय ऱ्हातं?"

"अख्खाच."

हा धंदा माझ्या डोक्यात आजतागायत बसलेला नाही. तुकडा दिला की सगळा माल जातो, आणि देणाऱ्याच्या कोठीत सगळा तसाच राहतो. मी पुन्हा आवाज चढवणार, तोच आतून बायको आली. "आवं, त्यास्नी पूजेच्या आधी उपास असतोय. रातीपास्नं पोटात काय न्हाई. उपाशी मानसासंगं भांडताय व्हय? आदी खाऊ घाला, मग भांडा." तिनं बाजरीची भाकरी आणि खर्डा पुढं ठेवला. फादरांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "ह्यात कुनाला वगळायचं न्हाई. ह्ये सगळ्यांचं."

तिथून प्रघात पडला. मांडव पुन्हा लागला, भाव त्यांचाच. मिस्सा संपली की धावपट्टीच्या कडेला विमानाच्या पंखाखाली आम्ही बसायचो. बायकोनं फडक्यात दिलेली भाकरी फादर मोडायचे, पहिला तुकडा माझा, मग राखणदाराचा, मग मिस्त्रीचा. वैमानिक खर्डा लागून डोळे पुसायचा. मी दर वेळी तुकडा घेताना बजावायचो, "ह्यो वेगळा आन त्यो वेगळा. माझं मागनं हायेच." फादर म्हणायचे, "माग की. मागत्यावर त्येचा लय जीव हाय."

मग एका पावसाळ्यानंतर त्यांची छाती धरली. दम लागायला लागला. धरणाच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं, आणि रस्त्यानं सोसणार नाही म्हणून विमानानंच. सकाळी त्यांना खुर्चीत बसवून धावपट्टीवर आणलं. मी बिनबोलवता कनात लावली होती. सांगलीहून दुसरे एक तरुण फादर सोबत जायला आले होते, त्यांनी तो तुकडा आमच्या फादरांच्या जिभेवर ठेवला. देणाऱ्याला दुसऱ्याच्या हातून घेताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग मी जवळ गेलो.

विमानाकडं बघत ते म्हणाले, "गड्या, मी वर ग्येलो आन द्येव खालीच ऱ्हायला, तर?"

"वरबी त्योच हाय म्हणून सांगत व्हता न्हवं?"

"सांगाय काय जातंय?"

मी फडकं पुढं केलं. भाकरी अजून गरम होती. त्यांनी ती हातात घेतली, आणि सवयीनं मी तळहात पुढं केला. त्यांनी भाकरी मोडली नाही. "आज न्हाई. ही मला वर लागंल," ते म्हणाले. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी त्या दिवशीसारखा. दुसऱ्यांदा माझा तळहात रिकामा राहिला. राखणदार शेजारी होता. त्यानं पुढं होऊन धावपट्टीवरची मेंढरं हाकलली.

पुढच्या खेपेला वैमानिक आला तो माझ्यावर वैतागूनच. म्हणाला, तुझ्या बायकोच्या भाकरीनं विमानभर चुरा झाला. वर गेल्यावर फादरांनी ती मोडली. बरोबरच्या नर्सला एक तुकडा, धरणाच्या कुणा साहेबाला एक, तरुण फादरांना एक. साहेब नको म्हणत होता, तर ऐकेनात. "मी विमान चालवतोय," वैमानिक मला म्हणाला, "आणि मागून माझ्या तोंडाशी भाकरी! म्हणाले, ह्यात कुनाला वगळायचं न्हाई."

"आणि त्यांनी खाल्ली का?" मी विचारलं.

"शेवटचा तुकडा बराच वेळ हातात धरून खिडकीतून खाली बघत होते. पुणं मागं पडलं तेव्हा म्हणाले, मांडववाला लय लांब ऱ्हायला. त्याचा वाटा मीच खातो."

फादर मुंबईहून परतले नाहीत.

आता बघा. भाकरी माझ्या घरची, वाटा माझा, पंगत बसली आभाळात, आणि मी खाली दोऱ्या सोडत उभा. याला का सौदा म्हणायचं? समोर असते तर मी एवढ्यावर सोडलं नसतं. दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी नेहमीसारखी जपमाळ काढली असती, मायेनं बघत बसले असते, आणि या खेपेला, मला वाटतं, ती संपेपर्यंत मी गप्प बसलो असतो.