पाठवणीवरचं गाणं
जुनी कॅसेट उघडली की बुरशीचा कुबट वास येतो, आणि मला कळमनुरीकडच्या तांड्यावरची ती माय आठवते. तिच्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गात होती. बंजाऱ्यांत नवरीचं रडणं असं गाण्यातूनच येतं. आम्ही मात्र सगळ्यांच्याच पाठवणीवर सिनेमाचं गाणं भरायचो, तसंच हिच्याही भरलं आणि मूळ कॅसेटवर पुढचं लग्न घेतलं. दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणात ती पोरगी गेली. माय कॅसेट घेऊन दुकानात आली. "दादा, हिच्यात सिनेमाचंच गाणं वाजून राहिलं. माझं लेकरू काय गात व्हतं, तेवढं ऐकव." "माय, तो आवाज माझ्याकडून पुसला गेला," मी म्हणालो. ती हललीच नाही. शेवटी मी टीव्हीचा आवाज बंद करून पाठवणी लावली. पडद्यावर लेकीचे ओठ हलू लागले, तशी माय त्यांच्याकडं बघत तोच ढावलो हळूहळू गाऊ लागली. त्या नवरीचा आवाज आठवायचा मी अजून प्रयत्न करतो. त्या दिवशी तिच्या सगळ्यात जवळ मीच उभा होतो, आणि बॅटरी किती उरली ते बघत होतो.