गोड पाण्याचे मिस्तरी

मोटारीचं पाणी चाखून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे मिस्तरी; मोटार हाकायचे तेच आणि दुरुस्त करायचेही तेच. सकाळी रेडिएटरचं झाकण काढायचे, गार पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग बाजूला थुंकून सांगायचे, "आपल्याच आडाचं हाय. चाला." त्या जिभेपायी त्यांनी तंबाखू सोडला होता. वऱ्हाडात जन्मून मिरचीचा ठेचासुद्धा! याहून मोठं वैराग्य आमच्या गावाला ठाऊक नव्हतं.

आम्ही हिवरखेडचे. बाबा वकील, त्यांचं कोर्ट अकोल्याला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून बाबांनी ती जुनी मोटार घेतली. तिच्यात पायांशी हिटर होता. इंजिनातलं कढत पाणी नळीने त्या पेटीत यायचं आणि पाय शेकून निघायचे. आमच्या उन्हात मोटारीत शेगडी! अख्खं गाव पोट धरून हसलं. मिस्तरी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका बाप्पा. इंजिनाची नाडी पाहाची जागा हाय ते."

हिवरखेड आणि अकोल्याच्या मधे खारपाणपट्टा. काळीभोर सपाट जमीन, आणि विहिरींना पाणी खारट. दुपारी त्या वाटेवर लांबची झाडं जमिनीपासून सुटून हवेत तरंगायची. मला वाटायचं, आपणही असेच तरंगत कुठेतरी निघालो आहोत आणि कोणी थांबवू नये. मिस्तरींचा दंडक एकच होता: इथलं पाणी गाडीच्या पोटात घालायचं नाही, खार बसतो. म्हणून घरच्या पाण्याचे दोन डबे कायम मागे असत.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आईने स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा पास झालीस तर शीक पुढे. नाहीतर वैशाखात लग्न." परीक्षा अकोल्याला, पहिला पेपर सकाळी अकरा वाजता. मिस्तरी पंधरा दिवस लेकीकडे गेले होते, ते त्याच पहाटे परतले. तेवढे दिवस गाडी बाबांच्या हातात होती. निघायच्या गडबडीत पाणी चाखायचं राहून गेलं.

अर्ध्या वाटेत गाडीने वाफ सोडली. मिस्तरींनी हिटरची कळ ओढली. "बाई, पाय लावून पाहा." पेटी गारठार होती. "इंजिन कढून रायलं अन् पेटी थंडी. मंजे पाणीच फिरून नाई रायलं." गाडी निवल्यावर त्यांनी खालून थोडं पाणी सोडलं, जिभेला लावलं आणि बाबांकडे वळले. "वकीलसाहेब, हे पाणी आपलं नाई."

कोर्टात साक्षीदारांना घाम फोडणारे माझे बाबा बाभळीकडे बघत म्हणाले, "एकदा घाईत भरलं असेल वाटेवर."

"एकडाव?"

"तीन-चारदा," बाबा म्हणाले.

इंजिनातून पाणी पुढे सोडणारी झडप खाराने चिकटून बसली होती. मिस्तरींनी ती काढून खिशात टाकली. "हिच्याबिगर चालते." डब्यांतलं पाणी आतला खार धुण्यातच संपलं. आता भरायला गोड पाणी हवं, आणि त्या मुलखात गोड पाणी कोसभरावरून डोक्यावर यायचं. तेवढ्यात एक म्हातारी भरली घागर घेऊन येताना दिसली. मिस्तरींनी तिला हात जोडले.

"मोटारीले? प्याचं पाणी?" म्हातारी तडकली. "डोकं ठिकान्यावर हाय का तुयं?"

"या पोरीची परीक्षा हाय माय. नाई पोचली तं लगन लावून देतीन तिचं."

म्हातारीने मला खालीवर न्याहाळलं. "माह्यं नवव्या वर्सी लागलं," ती म्हणाली आणि घागर उतरवली.

पुढची सारी वाट मिस्तरींनी हिटर सताड उघडा ठेवला, इंजिनाची धग तिकडून निघून जावी म्हणून. बाहेर ऊन आणि पायांशी भट्टी. बाबा उपरण्याने वारा घेत होते. मी अर्धवट ग्लानीत श्लोक घोकत होते, आणि तरंगणारी झाडं एकेक करून मागे जात होती. घंटा होता होता पोचलो.

मी पास झाले. निकाल लागल्यावर मिस्तरींनी आमच्या आडाची घागर भरून घेतली, मोटार म्हातारीच्या गावी नेली आणि तिच्या दारापर्यंत ती घागर माझ्याच डोक्यावर दिली. "पान्याचं उसनं पान्यानंच फेडा लागते," म्हणाले.

पुढे मी अमरावतीला शिक्षिका झाले. कित्येक वर्षांनी निरोप आला: मिस्तरी अंथरुणाला खिळले आहेत आणि म्हणताहेत, बाईच्या अमरावतीचं पाणी चाखाचं हाय. मी फिरकीचा तांब्या भरून निघाले. वाटेत बसच्या धक्क्याने तो आडवा झाला, फिरकी सैल राहिलेली, सगळं पाणी सांडलं. आता रिकाम्या हाताने कसं जायचं? थांब्यावरच्या विहिरीवरून मी तो पुन्हा भरला. बाबांचीच लेक मी!

मिस्तरी काटकीसारखे झाले होते. मी चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी तो घोट तसाच जिभेवर धरला, डोळे मिटले. बाबांनासुद्धा ज्यांनी सोडलं नाही, ते मला काय सोडणार!

"गोड हाय बाई," ते म्हणाले. "लय गोड."

त्यांच्या जिभेची चव गेली होती की त्यांनी मला सांभाळून घेतलं, कोण जाणे. अंगणात येऊन मी तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडात घेतलं. खारट होतं. मला रडू फुटलं, पण तो घोट मी थुंकला नाही.