दवंडी शलमोन उजागरेची

शलमोन उजागरेचा आवाज गावानं फुकटात घेतला, आणि वर त्याच्याच अंगावर शाल टाकून घेतला. आता अशा गावाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

श्रीगोंद्याच्या पलीकडे, कालव्याच्या अगदी शेवटाला आहे हे गाव. वरच्या गावांचं भागून उरेल तेवढं पाणी इथं येणार, आणि तेवढ्यासाठी वरची वस्ती आणि खालची वस्ती एकमेकांच्या उरावर बसायला टपलेल्या. कालव्यातून रानात येणाऱ्या चारीला पाणी कधी सुटणार, पाळी कुणाची, हे सांगायचं काम शलमोनचं. ग्रामपंचायतीचा दवंडीवाला तो. सायकलला भोंगा बांधून फिरायचा. मयत असो, लसीकरण असो, जत्रेतल्या कुस्त्या असोत, शलमोन बोलला की विषय संपला. एकदा दोन्ही वस्त्या काठ्या घेऊन चारीवर उतरल्या होत्या. यानं भोंग्यावरून एवढंच म्हटलं, "बसा खाली. पाळीनं सगळ्यांना मिळंल, मी सांगतोय." आणि बसले की हो लोक! सरपंचाला न जुमानणारी माणसं ही.

मग सरपंच कानिफनाथ यांना डिजिटल गावाचं खूळ लागलं. त्यांचा पुतण्या धवल पुण्याहून शिकून आलेला. तो म्हणाला, कॉम्प्युटरला शलमोनमामांचा आवाज शिकवू, आपण नुसतं टाईप करायचं, मामा आपोआप बोलणार. लपवलं काहीच नाही. सगळं सांगितलं, पण सत्कारात गुंडाळून. चौकात फ्लेक्स लागला, शलमोनला फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं आणि पंचायतीच्या खोलीत माईकपुढे बसवलं. हा हरखून गेला. मयताची दवंडी वाचली, पाण्याची वाचली. धवल म्हणाला, "मामा, जरा रागावून बोला," तर रागावला. "आता रडवेलं," तर रडवेलंही बोलला.

"आवो, सगळंच कशाला दिलं? थोडं राखायचं हुतं," बायको दीना घरी म्हणाली.

"येडी का काय तू? माझा आवाज गावात कायमचा राहनार हाय!"

राहिला ना. आवाज राहिला, शलमोनला मात्र पुढच्याच महिन्यात "आता आराम करा" म्हणून सांगितलं, आणि सायकलवरचा भोंगाही काढून घेतला. बाहेर पंचायतीच्या भोंग्यावर आपलाच आवाज घुमतोय आणि आपण ताटावर बसलोय, तो ताट बाजूला सारायचा. दीना उठून खिडकी लावून घ्यायची.

मार्चच्या पाण्याला घात झाला. पाळी खालच्या वस्तीची होती. सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर शलमोनचा आवाज आला, खाकरणंसुद्धा त्याचंच. "ऐका हो ऐका, चारीचं पानी दोन दिवस लांबलंय." खालची वस्ती निवांत लग्नाला गेली. पाणी त्याच दिवशी सुटलं आणि वरच्यांनी ते आपल्या रानात वळवून घेतलं. पुढची पाळी महिन्यावर. कांद्याचं वाटोळं झालं. मग फावडी निघाली, दोन डोकी फुटली, पोलिसांची गाडी आली. हे केलं कुणी? धवल खांदे उडवून म्हणाला, "आवाजाची फाईल मी गावाच्या ग्रुपवर टाकली होती, कौतुक म्हणून. आता कुणीही बनवू शकतं." आणि गेला पुण्याला. वा रे शहाण्या!

खालच्या वस्तीवरची अश्विनी, नवऱ्यामागं एकटीनं रान करणारी, शलमोनच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मी चारीवरच बसले असते. तुमी बोललात म्हनून गेले."

"पोरी, ते मी बोललोच न्हाई गं."

"मग कोन बोललं? तुमचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?"

शलमोननं हात जोडले. त्याला ब्रह्मांड आठवलं. दवंडीचं काम गेलं त्याचं एवढं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सायकल घेऊन नुसत्या गळ्यानं ओरडत निघाला. "ऐका हो! पानी लांबलंय असं मी बोललोच न्हाई! ते मशिनचं काम हाय! भांडू नका!"

पारावरून एकजण म्हणाला, "आन् आत्ता बोलतोय ह्यो तरी खरा कशावरून?" फिदीफिदी हसले सगळे. साठीचा माणूस समोर उभा राहून छाती फुटेस्तोवर ओरडतोय, आणि यांना हसू येतंय! मेल्यांनो, लाजा वाटू द्या जरा. वरच्या वस्तीत तर दगडच आला, कपाळावर बसला.

आणखी गडबड नको म्हणून दुपारी पंचायत बसली. संध्याकाळी शलमोन ओट्यावर बसला होता, दीना जखमेवर हळद दाबत होती, तेवढ्यात पंचायतीचा भोंगा खरखरला. आवाज त्याचाच, खणखणीत.

"ऐका हो ऐका! समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, शलमोन उजागरे यांच्या तोंडी सांगण्यावर कुणीही विश्वास ठेवू नये. पंचायतीच्या भोंग्यावरून येईल तेवढंच खरं मानावं."

दीनाचा हात बाजूला सारून शलमोन ताडकन उठला. "न्हाई! आरं, मी हितं हाय! हितं हाय मी!"

शेजारच्या दारातनं कुणीतरी वैतागून ओरडलं, "मामा, गप बसा की जरा! दवंडी ऐकू द्या."