बरोबर उत्तर नसलेला पेपर

गेल्या गुरुवारी हर्सूल तलावाच्या मागच्या बाजूच्या एका शाळेत सहावीच्या पोरांचा पेपर घेत होतो. तलाव म्हणायचं फक्त... सध्या त्यात पोरं क्रिकेट खेळतात.

हो, पेपर मी घेत होतो. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं हे माहीत असलेल्यांनी हसून घ्या.

काम दोन महिन्यांचं आहे. एक मोठा सर्व्हे चालू आहे, त्यासाठी शाळाशाळांत जायचं. आधी गणित आणि भाषेची पुस्तिका, मग दुसरी... आणि ती दुसरीच मला आवडते. त्यात पोरांना बेरीज विचारत नाहीत, ती कशी आहेत ते विचारतात. ‘मी शाळेत आनंदानं येतो.’ ‘अवघड गणित मी अर्ध्यात सोडत नाही.’ पुढं चार चौकोन, ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’. चूक-बरोबर काही नाही, पोराचं नाव कुठं जात नाही. सगळ्या शाळांचं मिळून कळतं, आपल्याकडची पोरं आतून कशी आहेत.

‘हाती घेतलेलं काम मी पूर्ण करतो’ असंही एक वाक्य आहे. ते मी वर्गात वाचताना खाली बघून वाचतो.

तर त्या दिवशी दुसऱ्या पुस्तिका वाटल्या आणि शाळेच्या मागं बोअरची मशीन सुरू झाली. तिकडं नवीन रो-हाऊस होतायत. पेपर चालू असताना वर्ग सोडायचा नाही हा आमचा पहिला नियम... पण दोन मिनिटं म्हणून गेलो. नुसती पांढरी धूळ उडत होती, पाण्याचा पत्ता नाही. मशीनवाला मला खडकांचे प्रकार सांगायला लागला आणि मीही ऐकत बसलो. पंधरा मिनिटं गेली.

परत आलो तर वर्ग एकदम शांत. सगळ्यांच्या माना खाली आणि फळ्यावर सुंदर अक्षरात एक ते तीस आकडे. प्रत्येकापुढं उत्तर. हातात खडू घेऊन वर्गशिक्षिका बाई उभ्या.

“सर, तुम्ही दिसला नाहीत. म्हटलं सुरू करून देते, पोरांचा वेळ जायला नको.”

“बाई, याला उत्तरं नसतात.”

“असं कसं? शाळेत आनंदी असतो का, याला काय ‘कधीच नाही’ लिहू द्यायचं पोरांना?”

त्यांच्या मनात खोट नव्हती. मागच्या वेळी गणितात या शाळेचा नंबर लई खाली आला होता आणि शिक्षण खात्याच्या साहेबांनी तो भर मीटिंगमध्ये वाचून दाखवला होता. आता असा पेपर आलेला, ज्याची सगळी उत्तरं बाईंना येत होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, खरं लिहायचं का बरोबर?”

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “साक्षी, खाली बस. फळ्यावर बघ.”

बाकीचे विसाव्या वाक्यावर पोचलेले, साक्षी आठव्यावरच अडलेली. ‘मला रडू आलं तर शाळेत सांगायला कुणीतरी आहे.’ फळ्यावर होतं, नेहमी. तिचे चारही चौकोन कोरे.

“दिवाळीनंतर आली ती,” बाई हळूच म्हणाल्या. “अजिंठ्याकडची. गावात पाणी नाय राहिलं, आईबाप इकडं बांधकामावर. बोलत नाय कुणाशी.”

फळ्यावरचं तसंच भरू देऊन सही ठोकली असती तर कुणाला कळलं नसतं. वर्गच्या वर्ग आनंदी निघाला असता... आणि साक्षीच्या आठव्यापुढंही ‘नेहमी’ गेलं असतं. मग तिच्यासारखी पोरं आहेत हे कुणाला कळणार?

मी सगळ्या पुस्तिका परत घेतल्या आणि जास्तीचा कोरा गठ्ठा फोडला. बाईंचा चेहरा उतरला. “सर, आमच्या शाळेचं काय मग?”

मोठं भाषण मला जमत नाही. माझ्याकडं ट्रेनिंगची एक नमुना प्रत होती, ती त्यांना दिली. म्हटलं, बाई, आधी तुम्ही भरा, मी बघणार नाही.

त्या हसत शेवटच्या बाकावर बसल्या. पहिली काही वाक्यं भराभर झाली आणि मग पेन थांबलं. त्या उठल्या आणि अख्खा फळा पुसला.

“पोरांनो, मी सांगितलेलं सोडा. तुमची उत्तरं मला नाही माहीत.” एवढं बोलून बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

पोरांनी परत पहिल्यापासून भरलं. साक्षीची पुस्तिका सगळ्यात शेवटी आली. तिनं काय लिहिलं ते मी बघितलं नाही, पाकीट तिथंच सील केलं.

रिपोर्टमध्ये खरं लिहिलं. पंधरा मिनिटं वर्गाबाहेर होतो, बोअर बघायला. सुपरवायझरनं फोनवर जे झापलं ते इथं लिहिण्यासारखं नाही... पण काम शाबूत आहे.

निघताना बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “आठव्याला मी ‘कधीच नाही’ असं लिहिलं, सर. इतकी वर्षं झाली या शाळेत.”

मधली सुट्टी झाली होती. साक्षी भिंतीकडेनं एकटीच चालली होती. बाईंनी तिला हाक मारली. काय लिहिलंस, असं काही विचारलं नाही. “ये गं, डबा खाऊ. मी पण एकटीच आहे,” म्हणाल्या आणि पायरीवर सरकून जागा केली. ती जराशी थांबली... आणि बसली.

सर्व्हेचा निकाल कधीतरी येईल, त्यात या वर्गाचं नाव नसेल. चालतंय. बाईंचे आभार मानायचे मात्र गडबडीत राहिले... म्हणून ही पोस्ट.